गुलमर्गला पहिल्यांदा स्नोबोर्ड शिकताय? टर्न नंतर, आधी एज

ताई, तुमचा प्रश्न वाचला. फेब्रुवारीत धाकट्या भावासोबत गुलमर्गला चाललाय, हातात चार दिवस आहेत, दोघांनीही आजवर बर्फावर पाय ठेवलेला नाही, तुम्ही शाळेत असताना स्केटिंग करायच्या, आणि विचारून राहिलात की चार दिवसांत स्नोबोर्डवर टर्न मारता येतील का, त्याआधी स्कीइंग शिकावं लागतं का आणि नागपुरात बसून काय तयारी करता येईल. मी हिवाळ्यात तिकडे नवशिक्यांना शिकवतो, बाकी वर्ष इथेच नागपुरात असतो, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांचं नेमकं कुठे अडतं ते जवळून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. हो, चार दिवसांत सोप्या उतारावर एक डावा एक उजवा असे टर्न जोडता येतात, बऱ्याच जणांना जमतं. पण पहिले दोन दिवस टर्नचं नावही काढायचं नाही. लोक व्हिडिओ बघून येतात, पहिल्याच दुपारी वळायला जातात, पाच-सहा वेळा जोरात आपटतात आणि मग भीती बसते ती चौथ्या दिवसापर्यंत जात नाही. स्कीइंग आधी शिकायची काही गरज नाही, ते वेगळं आहे. स्कीवर पहिला दिवस सोपा जातो कारण दोन्ही पाय मोकळे असतात, बोर्डवर पहिले दोन दिवस अंग ठेचून निघतं आणि त्यानंतर मात्र प्रगती भराभर होते. हे आधीच माहीत असलं की पहिल्या संध्याकाळी माणूस निराश होत नाही.

आता मुद्द्याचं. बोर्डच्या दोन्ही लांब बाजूंना स्टीलची बारीक धार असते, तिला एज म्हणतात. टाचांकडची हील एज, पायाच्या बोटांकडची टो एज. स्नोबोर्डिंग म्हणजे या दोनपैकी कोणत्या एजवर तुम्ही आहात आणि ती बर्फात किती धरलीये, एवढंच आहे, बाकी सगळं यातूनच येतं. बोर्ड बर्फावर सपाट झाला की तो तुमचं ऐकत नाही, उतार नेईल तिकडे जातो. आणि उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेने सरळ खाली जाईल ती फॉल लाइन, हा शब्द तुम्हाला दिवसभर ऐकू येईल.

सुरुवात मात्र सपाट जागेवर, एकच पाय बांधून होते. पुढचा पाय बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डला बांधायच्या पट्ट्यांत, मागचा मोकळा, आणि मोकळ्या पायाने ढकलत चालायचं. तुमची स्केटिंगची सवय इथे खरी कामाला येईल. थोडा वेग आला की मागचा पाय उचलून बोर्डवर दोन बाइंडिंगच्या मध्ये ठेवायचा आणि सरकत जायचं. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत आणि लिफ्टवरून उतरताना हेच लागतं, आणि ज्यांनी हे नीट केलं नाही ते प्रत्येक वेळी लिफ्टच्या तोंडाशी पडतात आणि मागच्यालाही पाडतात.

कोणता पाय पुढे हे घरीच बघून घ्या. मोजे घालून घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर दोन पावलं धावा आणि घसरा, कुठलाही विचार न करता जो पाय पुढे येतो तो बहुतेक तुमचा पुढचा पाय. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. दोन्हीत चांगलं-वाईट काही नाही. भावाचा वेगळा निघाला तर त्याला तुमच्यासारखं उभं राहायला लावू नका, आणि तिकडे गेल्यावर उलटं जास्त बरं वाटलं तर बाइंडिंग बदलून मागा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग दोन्ही पाय बांधून हील साइड स्लिप. माझं म्हणणं आहे की पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ याच्यावर गेला तरी चालेल. बोर्ड फॉल लाइनला आडवा, तुमचं तोंड उताराच्या खालच्या बाजूला, टाचांकडची एज बर्फात रुतलेली, बोटं थोडी वर. अशा स्थितीत बोर्ड हलत नाही, तुम्ही नुसते उभे आहात. आता बोटं हळूच खाली सोडा, अगदी थोडी. एज सैल होते, बोर्डखालून खरर असा आवाज येतो आणि तुम्ही आडवेच्या आडवे खाली सरकायला लागता. बोटं परत वर, थांबलात. कारचा क्लच कसा एका ठरावीक जागी धरतो आणि तिथे पायाला ते बरोबर समजतं, तसंच आहे हे, फक्त घोट्यात समजायला हवं. सरका, थांबा, सरका, थांबा. तो खरर आवाज एकसारखा यायला लागला ना की समजायचं एज हातात आली. आवाज तुटक येत असेल तर पाय ताठ झालेत, गुडघे वाका.

इथे नव्वद टक्के लोक एकच करतात, घाबरून कंबरेत वाकतात, पार्श्वभाग मागे आणि डोकं पुढे. असं उभं राहिलं की वजन एजच्या मागे जातं आणि बोर्ड पायाखालून निसटतो, धपकन बसता. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, हात बाजूला मोकळे, नजर पंधरा-वीस पावलं पुढे. मांड्या पेटतील, ते ठीक आहे, हील साइडला मांड्याच काम करतात.

एज अडकणं म्हणजे काय तेही समजून घ्या, कारण नवशिक्यांना खरा मार इथेच बसतो. तुम्ही हील एजवर सरकताय आणि बोटं गरजेपेक्षा जास्त खाली गेली, की खालच्या बाजूची टो एज बर्फात घुसते. बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही तोंडावर जाता. टो एजवर असताना हेच उलटं होतं, टाचांकडची एज अडकते आणि माणूस पाठीवर पडतो, डोकं मागे आपटतं. हे इतक्या पटकन होतं की हात लावायलाही वेळ मिळत नाही. म्हणून नियम एकच, सरकताना उताराच्या खालची एज नेहमी बर्फाच्या वर. आणि म्हणूनच हेल्मेटशिवाय बोर्डवर उभं राहायचं नाही, सोप्या उतारावरही नाही, भाऊ कितीही म्हणाला की इथे काय होतंय. नवशिक्यांचं वाईट आपटणं बरेचदा याच सोप्या उतारावर, कमी वेगात होतं.

पडायचंही शिकायचं असतं. पुढे पडताना हात ताठ करून पंजे टेकवू नका, स्नोबोर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त दुखापती मनगटाच्याच होतात. मुठी बंद, गुडघे आणि कोपरापुढचा पूर्ण हात असं एकदम टेकवायचं. मागे पडतोय असं वाटलं तर आधी खाली बसायचं, उंचावरून पडायचं नाही, हनुवटी छातीला लावायची आणि हात पोटाशी घ्यायचे. हे दोन्ही घरी गादीवर करून बघा, दोन्ही बाजूंनी, रोज थोडं. वेळ आली की विचार करायला जागा नसते, अंगानेच करायला हवं.

आता टो साइड. यात तोंड डोंगराकडे आणि पाठ उताराकडे, म्हणजे कुठे चाललोय ते दिसत नाही, त्यामुळे मनाला हे अवघड जातं. खरं तर शरीराला हे सोपं आहे, कारण घोटा आणि गुडघा या दिशेला आपोआप वाकतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची, कंबर डोंगराकडे ढकलायची आणि टाचा वर. नुसतं चवड्यांवर उभं राहू नका, पोटऱ्या पाच मिनिटांत संपतील. दाब नडगीने द्यायचा. खाली बघायचं असेल तर खांद्यावरून मान वळवून बघा, अख्खं अंग फिरवू नका, अंग फिरलं की बोर्डही फिरतो. सोडायचं-धरायचं तेच, फक्त आता टाचा थोड्या खाली सोडल्या की सरकणार आणि वर घेतल्या की थांबणार.

उठायचंही टो साइडने सोपं जातं. बसलेल्या अवस्थेतून हील साइडने उठायला पोटाची आणि मांड्यांची बरीच ताकद लागते, त्यात सारखं उठून बसून माणूस थकतो. त्यापेक्षा पालथं व्हा, बोर्ड हवेत उचलून फिरवा, गुडघ्यांवर या आणि हाताने ढकलून उभ्या राहा. बऱ्याच नवशिक्यांना हे कोणी सांगतच नाही आणि त्यांची निम्मी शक्ती उठण्यातच जाते.

दोन्ही बाजूंचं साइड स्लिप आलं की फॉलिंग लीफ. आडवं सरकतानाच वजन थोडं डाव्या पायावर द्या, बोर्ड तिरपा डावीकडे जातो. थांबा. वजन उजव्या पायावर, तिरपा उजवीकडे. झाडावरून पान डुलत खाली येतं तसा मार्ग होतो, म्हणून हे नाव. यात एज बदलत नाही, वळणंही नाही. पण ज्याला दोन्ही एजवर हे येतं तो माणूस चुकून अवघड उतारावर आला तरी धडधाकट खाली पोचतो. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघं एवढं करत असाल तर तुमचं गणित बरोबर चाललंय.

आणि मग तिसऱ्या दिवशी टर्न. आता जे सांगून राहिलो ते दोनदा वाचा. हील एजवरून टो एजवर जायचं असेल तर मध्ये एक क्षण असा येतो की बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, सरळ खाली, फॉल लाइनमध्ये असतं, बोर्ड जवळपास सपाट असतो आणि वेग वाढतो. त्या क्षणी माणसाचं शरीर घाबरून मागे जातं, मागच्या पायावर. आणि मागच्या पायावर गेलं की नाक हलकं होतं, ते वळतच नाही, बोर्ड सरळ खाली सुटतो. वेग वाढला म्हणून अजून मागे, मागे गेलो म्हणून अजून वेग. नवशिक्यांची जवळजवळ प्रत्येक टर्न इथेच बिघडते. म्हणजे भीती जिकडे ओढते त्याच्या उलट, उताराच्या दिशेने, पुढच्या पायावर जायचं आहे. मनाला हे पटत नाही, म्हणून अंगाला एखादं ठोस काम द्यावं लागतं.

मागच्या सीझनला नागपूरचीच एक मुलगी होती, साइड स्लिप सुंदर करायची, पण टर्न दरवेळी मध्येच तुटायची, बोर्ड सरळ झाला की ती खाली बसायची. मी उताराच्या खाली उभं राहून बघत होतो. नजर बोर्डच्या टोकावर, मागचा हात हवेत मागे, पुढचा गुडघा ताठ. "पुढे झुक" असं सांगितलं की ती कंबरेत वाकायची, त्याने काही फायदा नाही. मग तिला म्हटलं, वळायला सुरुवात केली की पुढच्या हाताने पुढच्या गुडघ्याची बाहेरची बाजू शिव आणि नजर त्या लिफ्टच्या खांबावर ठेव, दुसरं काही करू नको. गुडघ्याला हात लावायचा म्हटलं की गुडघा वाकतोच आणि वजन आपोआप पुढे येतं. बोर्ड हळूच फिरला, ती टो एजवर डोंगराकडे तोंड करून उभी होती आणि मला विचारून राहिली की झालं का.

तर टर्नचा क्रम असा. तिरपं चालताय, हील एजवर, वेग कमी. आधी नजर जिकडे जायचं तिकडे, मग वजन पुढच्या पायावर, मग पुढच्या पायाची बोटं खाली दाबायची, मागच्या पायाच्या टाचा अजून तशाच. बोर्ड थोडा पिळला जातो, त्याच्यासाठीच तो लवचिक असतो, आणि नाक खाली वळायला लागतं. आता थांबायचं, घाई करायची नाही, मागच्या पायाने बोर्ड झाडूसारखा ओढायचा नाही. नाक फॉल लाइन ओलांडून जाऊ द्या, मग दोन्ही नडग्या बुटात दाबा, कंबर डोंगराकडे. बोर्ड आडवा झाला की वेग संपला. टो वरून हील वर येताना हेच उलटं, पुढची टाच आधी, आणि नजर पुढच्या खांद्याच्या पलीकडे. वेग कमी करायला ब्रेक मारायचा नसतो, टर्न पूर्ण करायची असते, बोर्ड पार आडवा, अगदी किंचित डोंगराकडे चढेपर्यंत. आधी एकेक टर्न घेऊन थांबा. जोडायची घाई चौथ्या दिवशी.

नागपुरात काय करायचं तर बरंच काही. भारतीय बैठक, म्हणजे टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसणं, हे घोट्यांसाठी उत्तम आहे, टो साइडला जो घोटा वाकायला लागतो तो इथेच तयार होतो. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहणं मांड्यांसाठी, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करणं पोटऱ्यांसाठी. गच्चीवर खडूने एक रेघ ओढा, तिच्यावर खांद्याएवढ्या अंतराने पाय ठेवा, दोन्ही पावलं थोडी बाहेरच्या बाजूला उघडी, गुडघे वाकलेले, आणि मान पुढच्या खांद्यावरून फिरवून पूर्ण टर्नचा क्रम पायांनीच करा, नजर, पुढचा पाय, थांबा, मागचा पाय. हे वेड्यासारखं वाटेल पण अंगाला क्रम पाठ होतो. दम वाढवायला सेमिनरी हिल्सचा चढ रोज पहाटे चढा, सायकलनेही चालेल. जुनं स्केटिंग परत सुरू करायचं असेल तर छान, स्केटबोर्ड मिळाला तर त्याहून छान, आडवं उभं राहून पुढे जायची सवय होते. पण हेल्मेट आणि रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला आधार देणारे पट्टे, यांच्याशिवाय नाही, आणि उतारावरच्या डांबरी रस्त्यावर तर अजिबात नाही.

सामानाचं थोडक्यात. बोर्ड आणि बूट तिकडे भाड्याने मिळतात. बोर्ड हनुवटी ते नाकाच्या उंचीएवढा, मऊ असेल तो, पण वजनही बघतात. बुटात टाच उचलली जायला नको आणि बोटं पुढे हलकी टेकायला हवीत, यात तडजोड करू नका, ढिल्या बुटात कितीही शिकलात तरी घोट्याचं काम बोर्डपर्यंत पोचत नाही. बाइंडिंगचे स्क्रू घट्ट आहेत का ते हलवून बघा. दरवेळी पाय बांधायच्या आधी बाइंडिंगमधला आणि बुटाच्या तळाचा बर्फ साफ करा, नाहीतर टाच मागे नीट बसत नाही आणि एज धरत नाही. मोजे एकच जोड, पोटरीपर्यंतचे, दोन जोड घातले तर पाय उलट जास्त गार पडतात. जीन्स आणि कॉटन नको, ओलं झालं की वाळत नाही. रिस्ट गार्ड नागपुरातूनच घेऊन जा आणि ग्लोव्हजसोबत घालून बघून घ्या. गॉगल आणि सनस्क्रीन पाहिजेच, ताज्या बर्फावरून ऊन परत चेहऱ्यावर येतं, हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे आणि आपलं नागपूर जेमतेम 310 वर. पहिल्या दिवशी दम लागतो, डोकं जड होतं, म्हणून पोचलेल्या दिवशी बोर्ड घेऊ नका, पाणी प्या, लवकर झोपा. तंगमर्गपासून वरचा 13 किलोमीटरचा रस्ता बर्फात चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच होतो, त्यात वेळ जातो. तिकिटं काढताना एक दिवस इकडे-तिकडे करायची सोय ठेवा. फेब्रुवारीत सहसा बर्फ चांगला असतो, पण अलीकडे भरवसा कमी झालाय, 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं आणि 2025 मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा, अफरवट डोंगरावरचा, 3,900 मीटरच्या वर जातो. वर जाऊन नजारा बघून त्याच गोंडोलाने खाली या, बोर्ड घेऊन उतरायचं नाही. तिथून खालचा बहुतेक भाग साफ केलेल्या उतारांचा नाही, हिमस्खलनाचा धोका असतो, आणि चार दिवस शिकलेल्या माणसाची ती जागाच नाही. तुमचे चारही दिवस खालच्या कुरणावर, छोट्या लिफ्टपाशी जाऊ द्या.

इन्स्ट्रक्टर बाकी लोकांसोबत एकत्र घेतो की फक्त तुम्हा दोघांना, ते आधी विचारून घ्या. नवीन माणसाला शिकवणं आणि नवीन माणसाला हात धरून खाली फिरवून आणणं यात फरक आहे, दुसरं बरेच जण करतात, त्यात फोटो छान येतात आणि एज शिकून होत नाही. पहिल्याच सकाळी स्वच्छ सांगा की आम्हाला दोन दिवस फक्त साइड स्लिप आणि लीफ, दोन्ही एजवर, हात न धरता करायचं आहे. सकाळी लवकर बर्फ रात्रीच्या थंडीने कडक झालेला असतो, त्यावर एजही धरत नाही आणि पडल्यावर लागतंही जास्त, त्यामुळे दहाच्या पुढे, ऊन लागून वरचा थर थोडा मऊ झाला की सुरू करा, आणि पाय थरथरायला लागले की त्या दिवशी तिथेच बोर्ड सोडा, "शेवटचा एक राउंड" करू नका. भाऊ तयारीचा कितपत आहे आणि गुडघ्याचं वगैरे जुनं काही दुखणं आहे का ते कळवा, त्याप्रमाणे व्यायामात बदल सांगतो.